मातीचं कौतुक कोणी करायचं?

माझा एक मित्र आर्किटेक्ट होतोय. आमच्याच वस्तीतला. शहादा तालुक्यात, गोमाईच्या काठावर, एका गावाच्या कडेला आमची वस्ती. आम्ही दोघं एका बाकावर बसलो, एका वहीत लिहिलं. दहावीनंतर माझा बाप गेला आणि मी सूतगिरणीत लागलो. तो शिकत राहिला. प्रवेशपरीक्षा देऊन मोठ्या शहरातल्या कॉलेजात गेला. पाच वर्षांचा कोर्स, त्यातलं हे त्याचं चौथं. आमच्या वस्तीतनं मास्तर झाले, पोलीस झाले, एक नर्स झाली. घराचा नकाशा काढणारा हा पहिलाच. म्हणून आधीच सांगून ठेवतो, हे भांडण घरातलं आहे. बाहेरच्यांनी उगाच टाळ्या वाजवू नयेत.

भीमजयंतीला तो गावी आला. मिरवणूक संपली, ढोल थंडावले, आम्ही ओट्यावर बसलो. त्यानं पिशवीतून एक फाईल काढली. कॉलेजात प्रत्येकाला आपापली 'डिझाइन फिलॉसॉफी' लिहून द्यायची असते म्हणे. मी कशासाठी बांधणार, कसं बांधणार, माझी श्रद्धा कशावर, असा जाहीरनामाच. मला म्हणाला, "तू कवी आहेस भो. वाच आणि खरं सांग."

वाचलं. चार पानं होती. साधेपणा. स्थानिक साहित्य. मातीशी इमान. जागेचं म्हणणं ऐकणं. भिंतीवर हातांच्या खुणा राहू देणं. सिमेंट म्हणजे परकेपणा आणि कुडाची भिंत म्हणजे आपली ओळख. मधे मधे धडगावकडच्या घरांचे फोटो, पेन्सिलीची चित्रं. चित्रं सुंदर होती, खोटं कशाला बोलू. शेवटच्या पानावर आमच्या घराचा नकाशा होता. आईच्या नावानं घरकुल मंजूर झालंय, ते मातीत कसं बांधावं याचा.

आई दारात बसून ऐकत होती. तिला अक्षर येत नाही, पण नकाशा कळला. म्हणाली, "मन्हा जलम माटी लिपामा गया रे भाऊ. आते माले सिमिटनं घर जोयजे."

मित्र हसला. म्हणाला, मावशी, सिमेंटच्या घरात मे महिन्यात भाजून निघाल. आई हसली नाही. उठून आत गेली. त्या रात्री आमचं भांडण झालं आणि तो सकाळच्या एसटीनं निघून गेला. जे तेव्हा तोंडावर नीट बोलता आलं नाही ते इथं लिहितो. गिरणीतला माणूस आहे, तुटलेला धागा सांधायची सवय आहे.

मित्रा, तू लिहितोस की मातीचं घर जिवंत असतं. असतं ना. जिवंत असतं म्हणूनच रोज खायला मागतं. आमचं घर धाब्याचं. लाकडं, लाकडांवर काड्यांचा थर, त्यावर खारी माती. उन्हाळ्यात गार राहतं हे मला तू सांगू नकोस, मी त्यातच वाढलो. पण मे सरत आला की माझी आई टोपलं डोक्यावर घेऊन धाब्यावर चढते. माती आणायची, पसरायची, चोपायची. पावसाळ्यात एका कोपऱ्यात पातेलं, दुसऱ्या कोपऱ्यात परात, मधे आम्ही. आणि दर आठ-पंधरा दिवसांनी सारवण. शेण गोळा करायचं, कालवायचं, गुडघ्यावर बसून पोतेरं फिरवायचं. तुला भिंतीवर हातांच्या खुणा दिसल्या. त्या खुणा माझ्या आईच्या आहेत. तिनं त्या कला म्हणून उमटवल्या नाहीत. तिच्याकडं पैसे नव्हते, म्हणून तिचा हातच तिचा गवंडी झाला. आज तिला पाठ सरळ करता येत नाही. तुझ्या चार पानांत भिंतीची जाडी लिहिली आहे, छपराचा उतार लिहिला आहे. ज्या पाठीवर ही भिंत उभी आहे त्या पाठीचं माप कुठंच नाही.

दुसरं. 'स्थानिक साहित्य' हा शब्द तू सात वेळा वापरलास. मी मोजले. स्थानिक म्हणजे कोणाचं? गावात जमीन दोन प्रकारची. काळी म्हणजे शेताची, पांढरी म्हणजे घरादाराची. आपल्या आज्याची काळी नव्हती आणि पांढरीतही त्याला जागा नव्हती. वेशीवर राखण करायची महारानं, गावकूस पडला तर डागडुजी करायची महारानं, आणि राहायचं मात्र कुसाबाहेर. जगात असा राखणदार कुठं पाहिला आहेस का, ज्यानं दार सांभाळायचं आणि दाराच्या आत राहायचं नाही? हे पण डिझाइनच आहे, मित्रा. कोणाचा वाडा मधे, कोणाची विहीर कुठं, कोणाची सावली कुठवर पडावी, याचा नकाशा कागदावर कोणी काढला नाही, तरी महाराष्ट्रातल्या गावागावात तो सारखाच निघतो. कॉलेजात तुला चंदीगड शिकवतात. मनूनं आखलेलं हे गाव शिकवतात का?

आणि सातपुड्यात तरी स्थानिक साहित्य कोणाचं? तू धडगावला गेलास. सागाचे खांब, बांबूचा कूड, वर माती-शेणाचा लेप, कौलं, आत एका बाजूला माणसं आणि एका बाजूला ढोरं. हे सगळं तू नीट टिपलंस. पण तो साग तोडायची मुभा त्या भिलाला, त्या पावऱ्याला आहे का? भारतीय वन कायदा १९२७ सालचा. बाबासाहेबांनी महाडचं चवदार तळं ज्या साली खुलं केलं त्याच सालचा. इकडं आम्ही तळ्यावर हक्क सांगत होतो आणि तिकडं सरकार जंगलावरचा लोकांचा हात कायद्यानं आवळत होतं. पुढं २००६ सालच्या वनहक्क कायद्यानं बांबू गौण वनोपजात धरला, लोकांचा हक्क मानला. कागदावर. ज्याला स्वतःच्या डोंगरातला खांब चोरासारखा रात्री आणावा लागतो, त्याच्यापुढं तू स्थानिक साहित्याचं व्याख्यान देणार? आधी तो खांब त्याच्या नावावर कर, मग त्या खांबाचं सौंदर्य सांग.

तुझ्या वहीत बांबूचा कूड आहे. बांबूची झोळी नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरनं बाळंतीण न्यायची तर आजही कित्येक ठिकाणी बांबूला गोधडी बांधून दोघं खांद्यावर घेतात आणि डांबरी रस्त्यापर्यंत चालत येतात. तोच बांबू, तोच हात, तीच गाठ मारायची कसब. पण ते चित्र फिलॉसॉफीत बसत नाही. ते बघितलं की घराआधी रस्त्याचा विचार करावा लागतो, आणि रस्त्याच्या नकाशाला कॉलेजात बक्षीस मिळत नाही.

सरदार सरोवरानं महाराष्ट्रातली ३३ गावं घेतली. सगळी आपल्याच जिल्ह्यातली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यातली. मणिबेली त्यातलं पहिलं. लोकांनी घरं उतरवली, सागाचे खांब सुटे केले, पाठीवर घेतले, वसाहतीत नेऊन पुन्हा उभे केले. घर सुटं करून पुन्हा उभं करायची ही विद्या तुझ्या कुठल्या मास्तरला येते? पण वसाहतीतले प्लॉट दोरीनं आखलेले. सरळ ओळ, शेजारी शेजारी. डोंगरात ज्याचं घर त्याच्या शेतात होतं, एका टेकडीवरनं दुसऱ्या टेकडीवर हाक मारायची अशी ज्यांची वस्ती होती, त्यांना दोरीच्या ओळीत बसवलं. आखणाऱ्यानं एकाला तरी विचारलं असेल का, बाबा रे, तुला शेजार किती लांब पाहिजे? २०१७ साली धरणाचं लोकार्पण झालं, उंची १३८.६८ मीटर. धरणाची उंची दशांशापर्यंत मोजता येते. हाक किती लांब जायची ते कोणी मोजलं नाही.

आता साधेपणाचं बघू. तुझी सहल सेवाग्रामला गेली होती. बापू कुटी बघून तू भारावलास. मातीची भिंत, बांबू, कौलं, जमिनीवर चटई. मित्रा, मी त्या कुटीला नावं ठेवत नाही. पण एक गोष्ट लक्षात घे. गांधी १९३६ साली त्या गावात राहायला गेले ते स्वतःच्या मर्जीनं. ज्याला राजवाड्यात पाहुणा म्हणून बोलावणं येतं तो झोपडीत राहिला तर त्याला साधेपणा म्हणतात. माझ्या आईला झोपडीशिवाय दुसरीकडून बोलावणंच नाही, तिच्या झोपडीला काय म्हणायचं? साधेपणाला आधी नकार द्यायची सोय लागते. जो सोनं घेऊ शकतो त्यानं सोनं नाकारलं तर तो त्याग. ज्याच्या ताटात कधी भाजीच पडली नाही त्याला उपासाचं महत्त्व सांगणं ही मस्करी आहे.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्याच्या भक्तांना तोंडावर सुनावलं होतं. खेड्याचं गोडवं गाणाऱ्यांना खेड्यानं आपल्या माणसांचं काय केलं ते दिसत नाही, असा त्यांचा रोख होता. ते भाषण तू वाचलं आहेस. दोघांनी मिळून वाचलंय, वस्तीच्या वाचनालयात, एकच पुस्तक होतं म्हणून खांद्याला खांदा लावून. मग कॉलेजात चार वर्षं काढल्यावर ते भाषण तुझ्या चार पानांत का नाही? तिथल्या पोरांच्या घरी फरशी आहे, त्यांना माती नवीन वाटते. त्यांचं कौतुक मी समजू शकतो. तुला ती नवीन कशी वाटली? का त्यांच्या डोळ्यांनी तू आपलंच घर बघायला लागलास?

तू म्हणशील, गिरणीत धागे सांधणाऱ्याला इमारतीतलं काय कळतं. ऐक. मी रोज आठ तास एका इमारतीच्या पोटात असतो. रिंग फ्रेमचं खातं. हवा कोरडी झाली की धागा तुटतो, म्हणून सूतगिरण्यांत दमट हवा यंत्रानं आत सोडतात. बाहेरची हवा धाग्याला सोसत नाही, म्हणून खिडक्या नसल्यातच जमा. दिवस आहे का रात्र ते आत कळत नाही. तीन पाळ्या, तोच उजेड, तोच घरघराट, केसांत कापसाची भुकटी. हे एका गिरणीचं गाऱ्हाणं नाही, सूत काढायचं शास्त्रच असं आहे. त्या सगळ्या इमारतीची फिलॉसॉफी एका ओळीत सांगता येते : धागा तुटू नये. माणूस तुटला तर बदली मिळतो. म्हणून मला कळतं की प्रत्येक इमारतीला फिलॉसॉफी असते, मग तिच्या आर्किटेक्टनं चार पानं लिहिलेली असोत वा नसोत. इमारतीत शिरल्यावर एकच बघायचं. हिनं कोणाची काळजी घेतलीय? आमच्या खात्यातली एक रिंग फ्रेम आमच्या मंजूर घरकुलापेक्षा लांब आहे. घरकुल २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. त्यात चूल पण आली. यंत्राला किती जागा द्यायची आणि पाच माणसांना किती, हे ज्या देशात ठरलंय त्या देशाची डिझाइन फिलॉसॉफी मला वेगळी शिकायची गरज नाही.

आणि भिंती सगळ्या विटांच्याच असतात असं नाही. मुंबईच्या गिरण्या आठव. एकच फाटक, एकच भोंगा, एकच छप्पर. तरी विणकाम खात्यात अस्पृश्याला काम नव्हतं. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि महाराची थुंकी लागलेला धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. पगार त्या खात्यात चांगला. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. नकाशात ती भिंत कुठंच नव्हती, तरी पक्की होती. महाडच्या तळ्याचंही तेच. तळं उघडं, पाणी समोर, पण पाण्यापर्यंत पोचायला आपल्याला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. नाशिकच्या काळाराम मंदिराला दारं होती, १९३० साली ती आपल्यासाठी बंद झाली. तेव्हा तू जेव्हा लिहितोस की 'जागा माणसाशी बोलते', तेव्हा मला विचारावंसं वाटतं, ती आपल्याशी काय बोलली? चल, हो बाहेर, एवढंच ना?

आपल्यातही बांधणारा एक होऊन गेला, त्याचं नाव तुझ्या पानात नाही. परळच्या चाळीत दोन खोल्यांत वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसानं दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' उभं केलं. नाव घेतलं बुद्धाच्या काळच्या नगराचं. आणि घर आखलं ते पुस्तकांसाठी. हजारो ग्रंथांना हवा, उजेड आणि शांतता मिळावी म्हणून. औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, नागसेनवनात मिलिंद महाविद्यालयाची इमारत उठत होती तेव्हाही ते स्वतः त्यात लक्ष घालत होते. ही खरी फिलॉसॉफी. ज्या माणसाला शाळेत गोणपाटावर वेगळं बसवलं त्यानं घरात आधी पुस्तकाची जागा काढली. त्यांनी मातीची झोपडी बांधून समतेचा देखावा केला नाही. आपल्या माणसाला चांगलं घर, उंच छत, मोठी खिडकी शोभते, हे त्यांनी बांधून दाखवलं. आजही कोणी आपल्या वस्तीत दोन मजले चढवले, दाराला निळा रंग दिला, वर पंचशीलाचा झेंडा लावला की गावातले म्हणतात, माजले. तू त्याच घराला परकं म्हणतोस. शब्द वेगळे आहेत, एवढंच.

आपली माणसं इमारत वाचू शकत नाहीत असं तुझ्या मास्तरांना वाटत असेल, तर त्यांना दीक्षाभूमी दाखव. तिथला स्तूप शिवदान मल यांनी आखला, २००१ साली तो खुला झाला. पुढं तिथं जमिनीखाली वाहनतळ खोदायचं ठरलं. १ जुलै २०२४ ला हजारो माणसं जमली आणि त्यांनी ते काम बंद पाडलं. स्तूपाला धोका होईल ही त्यांची भीती होती, आणि आपल्याला विचारलं नाही हा राग. त्याच दिवशी सरकारला स्थगिती द्यावी लागली. त्यात नकाशा शिकलेले किती होते? पण आपल्या जागेत काय चाललंय ते त्यांना बरोबर कळलं. माझ्या आईलाही कळलं होतं. तिनं तुझा नकाशा एका वाक्यात नापास केला.

आता माझ्यावर येतो, नाहीतर म्हणशील मी धुतल्या तांदळासारखा. मागं मी एक कविता लिहिली होती, सारवलेल्या जमिनीच्या वासावर. मंचावर वाचली, लोकांनी दाद दिली. घरी येऊन आईला म्हणून दाखवली. ती म्हणाली, शेण तू गोळा कर उद्यापासनं. त्या दिवशी ती कविता मी फाडली. म्हणून तुझी फाईल वाचताना मला तुझा राग आला त्यात माझाही होता. दोघांनी आईच्या कष्टातून आपल्यापुरतं काहीतरी सुंदर चोरलं. तू चित्र चोरलंस, मी वास.

पण तू जे उन्हाचं बोललास ते खरं आहे, ते मी मान्य करतो. पलीकडच्या गल्लीत चार घरकुलं झालीत. मे महिन्यात बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश असतं, आणि तो स्लॅब रात्री बारापर्यंत धग सोडतो. माणसं बाहेर खाटा टाकून झोपतात. ज्याला पक्कं घर दिलं तो रात्री घराबाहेर. पश्चिमेला खिडकी, पूर्वेला नाही. ओटा नाही, सावली नाही. कारण मदतीची रक्कम सपाटीच्या भागात १ लाख २० हजार, डोंगरी-दुर्गम भागात १ लाख ३० हजार. ती हप्त्याहप्त्यानं येते, फोटो काढल्यावर येते, आणि फोटोत धग दिसत नाही. त्या घरांना आर्किटेक्ट नव्हता. गवंड्यानं सवयीनं बांधली. इथं तुझी गरज होती, मित्रा. इथं. तू मात्र आईला तिच्या मागणीपासून परावृत्त करायला आलास, तिची मागणी नीट पुरी करायला आला नाहीस.

तू ठेवून गेलेली पुस्तकं मी रात्रपाळी नसते तेव्हा वाचतो. त्यात दोन माणसं मला पटली. एक बाळकृष्ण दोशी. इंदूरला त्यांनी अरण्य नावाची वसाहत आखली, १९८९ ची गोष्ट. गरिबाला पूर्ण घर बांधून देण्याऐवजी जोतं दिलं, संडास-न्हाणी दिली, पाण्याची आणि सांडपाण्याची सोय दिली. वरचं घर ज्याचं त्यानं ऐपतीप्रमाणं वाढवायचं. म्हणजे जे एकट्या गरिबाला जमत नाही ते आधी दिलं आणि बाकीचं त्याच्या मर्जीवर सोडलं. पुढं २०१८ साली त्यांना प्रित्झकर पारितोषिक मिळालं, ते मिळवणारे पहिले भारतीय. दुसरा आफ्रिकेतला, बुर्किना फासोच्या गांदो गावचा फ्रान्सिस केरे. गावातनं शाळेत गेलेलं पहिलं पोर. जर्मनीला गेला, शिकला, आणि शिकत असतानाच पैसे गोळा करून २००१ साली गावात शाळा बांधली. मातीच्या विटांची! गावकऱ्यांना माती नको होती. आपल्या आईसारखंच. माती पावसात टिकत नाही हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगलं होतं. केरेनं त्यांना अडाणी ठरवलं नाही. मातीत थोडं सिमेंट घालून विटा पाडल्या, त्या टिकतात हे डोळ्यांदेखत दाखवलं, पत्रा भिंतीपासून वर उचलून खालून वारा खेळवला. लोकांना पटलं, मग त्यांनी स्वतः दगड-माती वाहिली. २०२२ साली त्यालाही तेच पारितोषिक मिळालं.

फरक बघ. केरे माती घेऊन गेला तो गावाच्या शंकेचं उत्तर घेऊन गेला. तू मातीचं स्तोत्र घेऊन आलास. आईची शंका काय होती? गळणार नाही ना, दर वर्षी लिंपावं लागणार नाही ना, हप्ता अडकणार नाही ना, आणि गावातल्यांनी पुन्हा म्हणू नये की यांचं अजून मातीचंच. या चार प्रश्नांना तुझ्या चार पानांत उत्तर नाही. असतं तर ती माती पण घेईल. माझी आई हट्टी नाही, भोगलेली आहे.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे. घर मातीचं का सिमेंटचं हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, राहणाऱ्याला 'नाही' म्हणायची सोय आहे का. ज्या नकाशाला माझी आई नाही म्हणू शकत नाही तो नकाशा मातीत बांध, काचेत बांध, संगमरवरात बांध, तो गावकुसाचाच नकाशा आहे. कोणीतरी वर बसून आखायचा आणि आपण त्यात गप राहायचं. तू त्या टेबलाच्या पलीकडं पोचलास. आपल्या पिढ्यांतला पहिला. तिकडं बसून तू पण तसंच आखणार असशील तर मग आमच्यातला एक गेला आणि त्यांच्यातला एक वाढला, एवढाच हिशोब.

तुझी चार पानं फाडू नको. पण त्यांच्या आधी एक पान लाव आणि त्यावर हे लिही. भिंत कोण लिंपणार? पाणी कोण भरणार? बाईला अंघोळीला दार आहे का? पोराला वाचायला दिवा आणि कोपरा आहे का? बांधणारा मजूर कुठं झोपतो? आपल्या जिल्ह्यातले भिल-पावरे गुजरातेत इमारतींवर कामाला जातात, तिथं मजले चढवतात आणि खाली प्लास्टिक ताणून झोपतात. त्यांना सोडून कुठलीच फिलॉसॉफी लिहू नको.

घरकुलाचं जोतं अजून भरलेलं नाही. आईनं विटा सांगून ठेवल्यात, स्लॅब तिला पाहिजेच. तो होणार. पण स्लॅबवर चुना मारला तर धग किती कमी होईल, खिडकी कुठल्या अंगाला घ्यायची, ओट्यावर सावली कशी आणायची, २६९ फुटांत न्हाणीला दार कसं बसवायचं, हे गवंड्याला माहीत नाही, मला नाही, तुला आहे. माझी बहीण अजून खाटेला साडी बांधून तिच्या आड अंघोळ करते. ते दार तू आख. आणि भिंतीत एक मोठा कोनाडा सोड. बाबासाहेबांचे खंड ठेवायला लोखंडी पेटी आता पुरत नाही.

ये. या वेळी फाईल आणू नको, टेप आण. आईच्या बाजूला बस, आधी तिचं ऐक, मग माप घे. ती रागावलेली नाही. परवा विचारत होती, तो नकाशावाला कधी येतो म्हणून.

जय भीम.